फलक, भ्रमणध्वनी आणि राजद्रोह

अग्रहार (म्हैसूर) : जानेवारी २०२० मधील पाच दिवसांत तीन शहरांत तीन घटना घडल्या. राजधानीच्या सत्तावर्तुळात त्यांची चर्चा झाली ती सुटी सुटी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ५ जानेवारीच्या रात्री मुखवटाधाऱ्यांनी विद्यार्थ्यांना मारहाण केली आणि त्याचे पडसाद देशभर उमटले. दुसऱ्या दिवशी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरच्या निदर्शनात एका मराठी तरुणीच्या हाती ‘फ्री काश्मीर’ असा फलक दिसला. ८ जानेवारीच्या सायंकाळी म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातील निदर्शनात याच दोन शब्दांचा फलक एका माजी विद्यार्थिनीने धरला. आणि १० जानेवारीला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणाचा निकाल दिला. इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीला राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे आणि ते अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही, असे त्यात म्हटले होते.

दोन्ही तरुणींनी दिलेले स्पष्टीकरण जवळजवळ एकसारखे होते. काश्मीर खोऱ्यातील इंटरनेट ऑगस्ट २०१९ पासून बंद आहे, त्या बंदीतून काश्मीरला मोकळे करा, एवढाच फलकाचा अर्थ होता, असे दोघींनीही सांगितले. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल म्हैसूरमध्ये गुन्हा नोंदला गेला, त्याच गोष्टीबद्दल दोनच दिवसांनी देशाचे सर्वोच्च न्यायालय सरकारला आदेश प्रसिद्ध करण्यास आणि त्यांचे नियमित पुनरावलोकन करण्यास सांगत होते. त्या त्रिसदस्य पीठात न्या. रामण्णा आणि न्या. सुभाष रेड्डी यांच्याबरोबर अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. मात्र म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरम पोलिसांनी स्वतःहून नोंदविलेला गुन्हा होता भारतीय दंडविधानाच्या १२४-अ कलमाखालचा, म्हणजे राजद्रोहाचा.

मुंबईत याच फलकासाठी कलम १५३-ब लावण्यात आले. राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणणारे आरोप वा विधाने, असा त्या कलमाचा आशय. एकाच फलकाला कुलाब्यात एक कलम आणि म्हैसुरात थेट जन्मठेपेपर्यंत नेणारे दुसरे कलम, हा फरक कायद्याच्या पुस्तकातून आलेला नव्हता. तो ठाण्यात बसलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरला. समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या तरुणांच्या नागरिकत्वाची चर्चा दिल्लीत नेहमी संसद, मंत्रालये आणि अमेरिकी कंपन्या यांच्याभोवती फिरते. म्हैसूरचे प्रकरण मात्र ती चर्चा ठाण्याच्या उंबरठ्यावर आणून सोडते.

दोन शब्दांचा प्रवास

फलक सभेत धरला तर तो पन्नास-शंभर माणसे वाचतात. त्यांना सभा कशासाठी आहे हे ठाऊक असते, शेजारचे फलकही दिसत असतात. त्या फलकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून निघाले की सभा मागे राहते आणि दोन शब्द तेवढे पुढे जातात. इंग्रजीतील ‘फ्री’ हे विशेषण आहे की क्रियापद, आणि क्रियापद असेल तर कशापासून मुक्त, हे सांगणारा एकही शब्द त्या फलकावर नव्हता. फलक धरणारीची ही बेफिकिरी होती असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु बेफिकिरी हा दंडविधानातील गुन्हा नव्हे.

मुंबईच्या छायाचित्रावरून महाराष्ट्रातील नेत्यांत लगेच जुंपली. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी निदर्शनाची चित्रफीत ट्विटरवर टाकून हे आंदोलन नेमके कशासाठी आहे, असा सवाल सरकारला केला. मंत्री जयंत पाटील यांनी त्याच माध्यमावर उत्तर दिले की, काश्मीरला भेदभावापासून आणि दूरसंचारबंदीपासून मुक्त करा, असा त्याचा अर्थ आहे. महाविकास आघाडीचे सरकार येऊन तेव्हा सहा आठवडेच झाले होते आणि दोन्ही बाजूंना हा वाद सोयीचा होता. त्या तरुणीने स्वतः फेसबुकवर चित्रफीत टाकून आपण काश्मिरी नसून मराठी आहोत आणि फलक तेथे पडलेला दिसला म्हणून उचलला, असे सांगितले. आपण कोण आहोत हे सिद्ध करण्यासाठी मातृभाषेचा दाखला द्यावा लागावा, ही गोष्ट परप्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी जरा थांबून वाचण्यासारखी आहे.

म्हैसूरच्या मुलीला असा राजकीय पाठीराखा लाभला नाही. तिनेही चित्रफितीतून खुलासा केला, आपण कोणत्याही संघटनेच्या नाही असे सांगितले. आरोपही भ्रमणध्वनीवर आणि बचावही भ्रमणध्वनीवर! ज्या खोऱ्याच्या नावाने हे सारे चालले होते, तेथील तरुणांना तेव्हा तेवढेही शक्य नव्हते. तेथे टू-जी सेवा मर्यादित स्वरूपात सुरू झाली ती २५ जानेवारीला, आणि फोर-जी परतण्यासाठी ५ फेब्रुवारी २०२१ उजाडावे लागले.

वकिलांनी फिरविलेली पाठ

या प्रकरणातील सर्वांत गंभीर वळण पोलिसांनी घेतलेले नाही. म्हैसूरच्या वकील संघटनेने या तरुणीचे वकीलपत्र कुणीही घेऊ नये असा ठराव केला. अखेर बंगळूर व अन्य ठिकाणांहून वकील आले, वकीलपत्रावर शंभराहून अधिक सह्या झाल्या आणि २७ जानेवारीला म्हैसूरच्या सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन मंजूर केला. गुन्हा नोंदल्यापासून जामिनापर्यंत तीन आठवडेही लागले नाहीत, म्हणून व्यवस्थेने काम केले असे म्हणता येईल. पण बंगळूरहून वकील आणण्याची ऐपत वा ओळख नसलेल्या मुलाचे काय झाले असते, हे त्या तीन आठवड्यांत दडलेले आहे.

वास्तविक असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले होते. त्या निकालाची पार्श्वभूमी मोठी उद्‌बोधक आहे. कोइमतूरच्या वकिलांनी ज्यांचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरविले होते, ते आरोपी पोलीस होते. वकील-पोलीस संघर्षातून तो ठराव झाला होता. म्हणजे आरोपीला वकील मिळालाच पाहिजे हे तत्त्व आधुनिक काळात पोलिसांच्याच बाजूने पुन्हा उजळले गेले, आणि दहा वर्षांनी म्हैसुरात व पाठोपाठ हुबळीत वकिलांनी ते विसरायचे ठरविले. हुबळीत फेब्रुवारी २०२० मध्ये तीन काश्मिरी विद्यार्थ्यांच्या चित्रफितीवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. तेथील वकील संघटनेनेही तसाच ठराव केला, तेव्हा कर्नाटक उच्च न्यायालयाला संघटनेची कानउघाडणी करावी लागली.

म्हैसूर हे काही रांगड्या गावगाड्याचे शहर नव्हे. अग्रहार या त्याच्या जुन्या भागाचे नावच ते सांगते. विद्वानांना राजाने दिलेली वसती म्हणजे अग्रहार. हा शब्द मराठी वाचकाला ताम्रपटांतून आणि इतिहास संशोधक मंडळाच्या अंकांतून परिचित आहे. या शहराने १९१६ मध्ये विद्यापीठ मिळविले आणि त्याच्या नव्या परिसराला ‘मानसगंगोत्री’ हे सुंदर नाव कुवेंपूंनी दिले. केंद्रीय भारतीय भाषा संस्थान, अन्नतंत्र संशोधन संस्था यांसारख्या केंद्र सरकारच्या संस्थांमुळे अनेक मराठी कुटुंबे येथे बदलीवर येतात, काही येथेच राहतात. कर्नाटकची पोलीस अकादमीही याच शहरात आहे. अशा गावात एका फलकाने वकील, विद्यापीठ आणि पोलीस तिघांनाही गांगरून टाकावे, यात दोष फक्त समाजमाध्यमांना देता येणार नाही.

कारण अशी गांगरण येथे पूर्वीही झालेली आहे. १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांवर मुंबईत १२४-अ खाली खटला चालून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली त्याच वर्षी, म्हैसूर संस्थानाने वृत्तपत्र नियंत्रणाचा कायदा केला. सरकारी परवानगीखेरीज पत्र काढता येऊ नये, असा त्याचा रोख होता. तो आणणारे दिवाण होते व्ही. पी. माधवराव, म्हणजे विश्वनाथ पाटणकर माधवराव, कुंभकोणमच्या मराठी देशस्थ घराण्यातले, पुढे बडोद्याचेही दिवाण झालेले कर्तबगार प्रशासक. म्हैसूरकर ज्यांना आदराने ‘तातय्या’ म्हणत, त्या एम. वेंकटकृष्णय्या यांच्यासारख्या संपादकांनी निषेध म्हणून आपली पत्रे थांबविली. टिळकांना मंडालेला धाडणारे सरकार परके होते. म्हैसूरचा कायदा मात्र आपल्यातल्याच एका सुविद्य अधिकाऱ्याने, बहुधा राज्याच्या शांततेच्या कळकळीने केला होता. परराज्यात अधिकारपदावर असलेल्या मराठी माणसाने या दिवाणसाहेबांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पालघर ते पुणे

महाराष्ट्राला मात्र म्हैसूरकडे बोट दाखविण्याचा फारसा अधिकार नाही. समाजमाध्यमांवरील अभिव्यक्तीचा भारतातील पहिला मोठा धडा पालघरने दिला. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये झालेल्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींनाही अटक झाली, पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. केंद्राने जानेवारी २०१३ मध्ये सर्व राज्यांना कळविले की, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाखाली अटक करण्यापूर्वी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुणीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच घटनाबाह्य ठरले. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांचा तो निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज पाठ असतो.

ठाण्यांना मात्र तो पाठ नव्हता. कलम रद्द झाल्यावरही त्याखाली गुन्हे नोंदले जातच होते. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या तक्त्यात रद्द झालेल्या कलमाखाली नंतर नोंदलेले १३०७ गुन्हे ११ राज्यांत दाखविले होते. त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला, ३८१ गुन्ह्यांसह. कर्नाटकाचा आकडा १४ होता. ज्या राज्यातील दोन मुलींमुळे कलम गेले, त्याच राज्यात ते सर्वाधिक जिवंत राहिले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना पुन्हा पत्र लिहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठाने अशा साऱ्या गुन्ह्यांतून आणि खटल्यांतून ते कलम वगळण्याचा आदेश दिला. सात वर्षे उलटून गेल्यावर!

याला केवळ पोलिसांचा अडाणीपणा म्हणणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही. जिल्ह्यात काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला भ्रमणध्वनीवरील एका ओळीचे भय ठाऊक आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्यांना ठार मारले. ती अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. जून २०२३ मध्ये काही तरुणांनी ठेवलेल्या ‘स्टेटस’वरून कोल्हापूर पेटले, इंटरनेट बंद करावे लागले. तेथील वादात औरंगजेबाबरोबर म्हैसूरशेजारच्या श्रीरंगपट्टणचा टिपूही होता. रात्री दहा वाजता ठाण्यासमोर दोनशे माणसांचा जमाव ‘गुन्हा दाखल करा’ म्हणून उभा राहतो, तेव्हा निरीक्षकाला घटनेच्या १९ व्या अनुच्छेदापेक्षा समोरच्या दगडांची चिंता अधिक असते. गुन्हा नोंदला की जमाव पांगतो. तरुणाचे पुढे काय होते, हा प्रश्न सकाळचा. प्रशासनाने ही तडजोड इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की, तिला तडजोड म्हणणेही आता कुणाला सुचत नाही.

परंतु जमाव पांगविण्यासाठी एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष खर्ची घालण्याची मुभा कायदा देत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले पोलिसांनी एका प्राध्यापकावर, त्याने ३७० कलम रद्द झाल्याच्या दिवसाला ‘काळा दिवस’ म्हटले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या म्हणून, १५३-अ लावले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला आणि पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आली आहे, असे नमूद केले. शब्दांचा परिणाम मोजताना दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसाची नव्हे, तर खंबीर आणि समंजस माणसाची फूटपट्टी लावावी, हे त्यांनी वापरलेले सूत्र मूळचे नागपूरचे. तेथील उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी ते १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी सांगितले होते.

एवढे होऊनही मे २०२५ मध्ये पुण्यात तेच घडले. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत अभियांत्रिकीच्या एका एकोणीस वर्षांच्या काश्मिरी विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठविला. काही वेळाने तो काढून टाकला, क्षमाही मागितली. तरीही ९ मे रोजी तिला अटक झाली आणि महाविद्यालयाने त्याच दिवशी तिला काढून टाकले. परीक्षा तोंडावर होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुटीतील पीठाने, न्या. गौरी गोडसे आणि न्या. सोमशेखर सुंदरेशन यांनी, २७ मे रोजी तिला तत्काळ सोडण्याचा आदेश दिला, तिची हकालपट्टी स्थगित केली आणि एका विद्यार्थिनीला शासन गुन्हेगारासारखे कसे वागवते, असे खडसावले. तिने येरवड्यात काढलेले दिवस मात्र कोणत्याही आदेशाने परत येणारे नव्हते.

कलमांची गोम

पुण्याच्या प्रकरणातील कलमांची यादी दिल्लीतील अधिकाऱ्यांनी बारकाईने पाहावी अशी आहे. तीत भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ होते. १ जुलै २०२४ पासून दंडविधान गेले आणि त्याबरोबर १२४-अ गेले. ‘राजद्रोह’ हा शब्दही गेला. १५२ वे कलम भारताचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे. सरकारची बाजू अशी की, जुन्या कलमात ‘सरकारविषयी अप्रीती’ गुन्हा होती, नव्यात देशाविरुद्धचे जाणूनबुजून केलेले कृत्य गुन्हा आहे, आणि सरकारी धोरणावर टीका करण्याची मोकळीक स्पष्टीकरणात राखलेली आहे. हे खरे आहे. पण त्याच कलमात ‘इलेक्ट्रॉनिक संदेशवहन’ हे शब्द प्रथमच आले. शिक्षा आहे जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद.

या शिक्षेच्या आकड्यातच खरी गोम आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार तीन वर्षे वा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करून मगच गुन्हा नोंदता येतो. २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात न्या. ओक यांच्या पीठाने सांगितले की, बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांवरून तक्रार आली तर ही चौकशी करून घेणे सदैव इष्ट. ठाण्यासमोरच्या जमावाला ‘चौकशी सुरू आहे’ असे सांगण्याची कायदेशीर सवड निरीक्षकाला प्रथमच मिळाली. पण यादीत १५२ कलम घातले की शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि ही सवड नाहीशी होते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटकेची कारणे लेखी द्यावी लागतात, हे २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाचे बंधनही त्या कलमापुरते सैल पडते. गुन्हा नोंदणाऱ्याने तक्त्यात एक आकडा वाढविला की तरुणाभोवतीची दोन कुंपणे एकदम कोसळतात. आठ जानेवारी २०२० ला जयलक्ष्मीपुरममध्ये आणि मे २०२५ मध्ये पुण्यात साम्य आहे ते येथे.

कर्नाटकाने त्यात आणखी भर घातली आहे. जून २०२५ मध्ये तेथील सरकारने खोट्या बातम्यांविरुद्ध विधेयकाचा मसुदा पुढे आणला. डिसेंबर २०२५ मध्ये विधिमंडळाने द्वेषमूलक भाषण व द्वेषमूलक गुन्हे प्रतिबंधक विधेयक संमत केले. ते संमत झाले बेळगावच्या हिवाळी अधिवेशनात, हा योगायोग सीमाभागातील मराठी तरुणांच्या नजरेतून सुटणार नाही. काँग्रेसचे सरकार द्वेष रोखण्यासाठी आणि भाजपचे सरकार एकात्मता राखण्यासाठी कायदा करते. हेतू निराळे असतील, अंमलबजावणी करणारा निरीक्षक मात्र एकच आहे.

दुसरी बाजूही म्हैसूरचीच

म्हैसूरच्या तरुणांनी भ्रमणध्वनीचा उपयोग केवळ वाद ओढवून घेण्यासाठी केला असे चित्र उभे राहू नये. चामुंडी टेकडीवर रज्जुमार्ग बांधण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली, तेव्हा आदल्या पावसाळ्यात टेकडीवरचा रस्ता खचल्याची छायाचित्रे लोकांच्या भ्रमणध्वनीत होतीच. ऑनलाइन सह्यांची मोहीम उभी राहिली, जाणते नागरिक आणि महाविद्यालयीन मुले एकत्र आली आणि जुलै २०२२ मध्ये सरकारने प्रकल्प सोडून दिला. एप्रिल २०२५ मध्ये हैदर अली रस्त्यावर रुंदीकरणासाठी सुमारे चाळीस झाडे रात्रीतून तोडली गेली. सकाळी बुंध्यांची छायाचित्रे गावभर फिरली आणि लोक रस्त्यावर उतरले. झाडे परत आली नाहीत, पण रात्रीच्या अंधारात काम उरकण्याची सोय पालिकेला उरली नाही. मुंबईत आरेच्या झाडांसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये जे झाले, ते याहून मोठे होते. तेथे कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने सुटीच्या दिवशी सुनावणी ठेवली, तोवर २१४१ झाडे पडली होती.

झाडे आणि टेकडी यांसाठी केलेली हीच खटपट शासनाला ‘लोकसहभाग’ वाटते. काश्मीर, धर्म वा सीमा यांविषयीचा एक शब्द आला की तीच मुले, तोच भ्रमणध्वनी आणि तीच सायंकाळ संशयास्पद होते. विषय अवघड आहेत हे मान्य. पण नागरिकत्व केवळ सोप्या विषयांपुरते असते, असे घटनेत कुठे लिहिलेले नाही.

अखेरीस, म्हैसूरच्याच एका रहिवाशाचा उल्लेख केल्याखेरीज हे प्रकरण पुरे होत नाही. मेजर जनरल (निवृत्त) एस. जी. वोंबटकेरे हे लष्करातून निवृत्त होऊन या शहरात राहतात. २०२१ मध्ये त्यांनी १२४-अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ते काही समाजमाध्यमांच्या पिढीचे नव्हेत आणि त्यांच्या देशनिष्ठेची चौकशी करण्याचे धाडस कुणी करण्याचे कारणही नव्हते. जुलै २०२१ च्या सुनावणीत सरन्यायाधीश रामण्णा यांनी महान्यायवादींना विचारले की, जो कायदा इंग्रजांनी गांधी आणि टिळकांविरुद्ध वापरला, तो स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांनंतर हवाच कशाला? ११ मे २०२२ रोजी न्यायालयाने या कलमाखालचे देशभरातील सारे प्रलंबित खटले स्थगित ठेवले आणि नवे गुन्हे नोंदले जाऊ नयेत अशी अपेक्षा व्यक्त केली. मानसगंगोत्रीत फलक धरलेल्या मुलीला जे कलम लावले होते, ते तिच्याच गावच्या एका वृद्ध सैनिकाच्या अर्जावर गोठले.

कलम १५२ आल्यावर वोंबटकेरे पुन्हा न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने केंद्राला नोटीस काढली. हे तेच न्या. गवई, जे जानेवारी २०२० मध्ये इंटरनेटबंदीचा निकाल देणाऱ्या पीठात होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते निवृत्त झाले. नोटीस काढताना त्या कलमाला स्थगिती दिलेली नव्हती.